बाकदार काचेची पारख

मोबाइलचा पडदा आपण दिवसातून दहा वेळा पुसतो. पण खरं पाहिलं, तर आपलं बोट पडद्याला लागतच नाही. पडदा आत असतो. त्याच्यावर एक पातळ काच बसवलेली असते. धूळ, पाऊस, खिशातली किल्ली, हातातून निसटणं, हा सगळा मार ती काच सोसते.

मुरगूडच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पाहा. काही फोनांची काच पाटासारखी सपाट असते. काहींची काच कडेला खाली वळलेली असते, उपड्या परातीच्या काठासारखी. नव्या मोटारींत ड्रायव्हरपुढं जो पडदा असतो, त्याच्यावरही कधी कधी अशीच बाकदार काच असते. ही काच घडवणं अवघड आहे.

एवढ्याशा बाकासाठी मोठमोठ्या कंपन्या सरकारकडे अर्ज करतात. त्या म्हणतात, "ही युक्ती आमची आहे. आमच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणी ती वापरू नये." असा हक्क म्हणजे पेटंट. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात.

मागितला म्हणून हा हक्क मिळतो का? नाही. आधी तपासणी होते. ती कोण करतो, कशी करतो, आणि मुरगूडसारख्या गावातल्या कारागिराचा तिच्याशी काय संबंध, ते या धड्यात पाहू.

काच वाकते कशी?

पत्रा वाकवला तर वाकतो. वेताची काठी वाकवली तर वाकते. काच वाकवायला गेलं, की काडकन मोडते. असं का होतं?

कोणतीही वस्तू वाकवली, की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. दाब काच चांगला सोसते. ताण मात्र तिला सोसत नाही. काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे असतात. ताण आला की ओरखड्याचं तोंड उघडतं, चीर धावत जाते आणि काच फुटते.

यावर माणसानं तीन उपाय काढले.

पहिला उपाय आगीचा. काच खूप तापवली की मऊ होते. मग ती साच्यावर दाबायची आणि सावकाश निववायची. हा उपाय जुना आहे. मुरगूडहून पुण्याकडे निघालं, की कोल्हापूरच्या पुढं वाटेत कराड लागतं. कराडजवळ ओगलेवाडी आहे. तिथं १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. कंदिलाची फुगीर काच आठवा. तीही बाकदारच. आत ज्योत, बाहेर वाऱ्यापासून राखणारी काच. आज ज्योतीच्या जागी विजेचा पडदा आला.

दुसरा उपाय रसायनाचा. शेतकरी पिकावर 'तेरा-शून्य-पंचेचाळीस' नावाचं खत फवारतात. ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. हाच क्षार सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की वितळून पातळ होतो. त्यात काच बुडवून ठेवतात. काचेच्या अंगातले सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. एस.टी.च्या सीटवरून एक किडकिडीत माणूस उठावा आणि तिथं पैलवान येऊन बसावा, तसं होतं. सगळे एकमेकांना दाटून बसतात. काचेचं अंग असं दाटलं, म्हणजे ओरखड्याचं तोंड सहजी उघडत नाही. म्हणून ही काच चिवट होते.

तिसरा उपाय थंड वाकवण्याचा. काच एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असेल आणि वरच्यासारखी चिवट केलेली असेल, तर ती न तापवताही थोडी वाकते. मग ती बाकदार चौकटीवर दाबून चिकटवून टाकतात. साचा नको, भट्टी नको. पण काच पुन्हा सरळ व्हायला बघते. तिला धरून ठेवणं, हीच यातली खरी मेख.

पेटंट म्हणजे देणं-घेणं

पेटंट म्हणजे सरकारनं दिलेलं बक्षीस, असं पुष्कळांना वाटतं. ते बक्षीस नव्हे. तो सौदा आहे.

युक्ती काढणारा माणूस म्हणतो, "मी माझी युक्ती सगळ्यांना उघड करून सांगतो. कागदावर लिहून देतो." सरकार म्हणतं, "ठीक. त्याच्या बदल्यात २० वर्षं ती युक्ती तुझ्या परवानगीवाचून इतर कोणाला वापरता येणार नाही." अर्ज केल्या दिवसापासून ही २० वर्षं मोजतात. हक्क टिकवण्यासाठी ठरलेली फी भरावी लागते. मुदत संपली, की ती युक्ती सगळ्यांची होते.

आपल्या देशात हा कायदा जुना आहे. पहिला कायदा १८५६ साली झाला. त्या वर्षी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग नावाच्या इंजिनिअरनं अर्ज केला होता. कशासाठी? छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. आज जो कायदा चालतो, तो १९७० सालचा. तो १९७२ पासून अमलात आला आणि पुढं वेळोवेळी सुधारला गेला.

पेटंटच्या अर्जात सगळ्यात महत्त्वाचा भाग असतो 'दावा'. दावा म्हणजे शेताची हद्द समजा. माझी युक्ती इथून इथपर्यंत, पलीकडे नाही, असं दाव्यात शब्दांनी लिहायचं असतं. शेताला बांध, तसा पेटंटला दावा. कमी लिहिलं, तर आपलीच जमीन बाहेर राहते. जास्त लिहिलं, तर गायरानात शिरल्यासारखं होतं. ही हद्द बरोबर आहे का, हे पाहणारा सरकारी माणूस म्हणजे पेटंटचा परीक्षक. मोजणीदार जमीन मोजतो. परीक्षक शब्द मोजतो.

अर्ज कुठं जातो?

भारतात पेटंटची कार्यालयं चार ठिकाणी आहेत: कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नई. मुरगूडचा माणूस अर्ज करील, तर तो मुंबईच्या कार्यालयाकडे जातो. हे कार्यालय अँटॉप हिल भागात आहे. इमारतीचं नाव बौद्धिक संपदा भवन. आता अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो. तपासणी मात्र दुसऱ्या शहरातल्या परीक्षकाकडेही दिली जाते.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. मराठीत चालत नाही. म्हणून जाणत्या माणसाची मदत लागते. पण युक्ती काय आहे, हे आधी आपल्या भाषेत नीट लिहून काढता आलं पाहिजे. ज्याला मराठीत सांगता येत नाही, त्याचं इंग्रजीत दुसरा तरी काय सांगणार?

एकट्या माणसाला संगणकावरून अर्ज करायला १,६०० रुपये फी पडते. अर्ज दिला म्हणून तपासणी आपोआप होत नाही. 'माझा अर्ज तपासा' अशी वेगळी मागणी करावी लागते. तिची फी ४,००० रुपये. मोठ्या कंपन्यांना या दोन्ही फिया पाचपट पडतात. आता नव्या अर्जांसाठी ही मागणी ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती केली नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

साधारण १८ महिन्यांनी अर्ज सरकारी पत्रिकेत छापून उघड होतो. ही पत्रिका दर शुक्रवारी निघते. कोणीही ती फुकट वाचू शकतो.

परीक्षकाचे तीन प्रश्न

बाकदार काचेचा अर्ज परीक्षकाच्या टेबलावर आला. तो काय बघतो? कंपनी मोठी की लहान, हे तो बघत नाही. काच सुंदर दिसते का, हेही बघत नाही. तो मुख्यतः तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: हे नवीन आहे का?

नवीन म्हणजे गावात नवीन नव्हे. देशात नवीन, एवढ्यानंही भागत नाही. जगात कुठंही हे आधी छापलेलं नसावं, आणि आधी वापरलेलं नसावं. परीक्षक जुनी पेटंटं, मासिकं, पुस्तकं धुंडाळतो. समजा अर्जात एवढंच लिहिलंय, की 'पडद्यावर बाकदार काच बसवली आहे.' तर परीक्षक म्हणेल, "मनगटी घड्याळाची फुगीर काच काय होती? जुन्या टी.व्ही.ची पुढं आलेली काच काय होती? मोटारीच्या पुढची वळणदार काच काय आहे?" नुसता बाक नवीन नाही. तो दावा पडला.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवीन नसणं म्हणजे कमी दर्जाचं असणं नव्हे. कोल्हापुरात आनंदराव पेंटरांनी सिनेमाच्या कॅमेऱ्याचं काम हाती घेतलं. १९१६ साली ते वारले. मग बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी खटपट करून १९१८ साली तो कॅमेरा पुरा केला. त्याच्यावर 'सैरंध्री' चित्रपट काढला. तो १९२० साली लोकांपुढं आला. केवढं मोठं काम! पण सिनेमाचा कॅमेरा परदेशात आधीच होता. परीक्षकापुढं फक्त हाताचं कसब चालत नाही. जगाला आधी ठाऊक नव्हतं असं काय दिलंत, ते त्याला सांगावं लागतं.

दुसरा प्रश्न: यात डोकं किती चाललंय?

एखादी गोष्ट नवीन असेल, पण त्या धंद्यातल्या कोणाही जाणत्या कारागिराला सहज सुचण्यासारखी असेल, तर पेटंट मिळत नाही. याचा मोठा दाखला उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचा आहे. तिथं भांडी घासून चकचकीत करताना ती लेथवर धरायची कशी, याच्या एका रीतीवर पेटंट दिलं गेलं होतं. त्यावरून हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज आणि बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दोन पेढ्यांत वाद लागला. वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९७८ साली निकाल झाला. कोर्टानं सांगितलं, की जुन्याच रीतीत कारखान्यातली साधी सुधारणा केली, तर तो शोध होत नाही. त्यापेक्षा काहीतरी जास्त हवं. ते पेटंट रद्द ठरलं.

दोन जुन्या वस्तू जवळ आणून ठेवल्या, तरी शोध होत नाही. कार्यालयाच्या हातपुस्तकात याची गमतीदार उदाहरणं आहेत. छत्रीला पंखा लावला. बादलीला बॅटरी लावली. घड्याळ आणि रेडिओ एका पेटीत बसवले. यात छत्री आपलं काम करते, पंखा आपलं. दोघं मिळून तिसरं काही करत नाहीत. मग शोध कुठला?

तिसरा प्रश्न: याचा उद्योगात उपयोग आहे का?

युक्ती प्रत्यक्षात उतरली पाहिजे. फक्त कल्पना चालत नाही. आणि ती इतकी स्वच्छ लिहिलेली पाहिजे, की त्या धंद्यातला दुसरा माणूस कागद वाचून ती वस्तू तयार करू शकेल. महत्त्वाचं कलम झाकून ठेवलं आणि हक्क मात्र मागितला, असं चालत नाही. सौद्यात आपली बाजू पुरी करावीच लागते.

एक कल्पनेतलं उदाहरण

हे सगळं कागदोपत्री कसं चालतं, ते उदाहरणानं पाहू. उदाहरण कल्पनेतलं आहे.

समजा, मुरगूडमधल्या एका मेस्त्रींनी ट्रॅक्टरवरच्या पडद्यासाठी बाकदार काच तयार केली. काच थंडच वाकवायची आणि लोखंडी चौकटीवर डिंकानं चिकटवायची. इथं डिंक म्हणजे बाभळीचा नव्हे, कारखान्यातला चिकट मसाला. उन्हात ट्रॅक्टर तापला, की काचेची टोकं सुटायची. म्हणून सगळे कारागीर टोकांना जास्त कडक डिंक लावत. मग टोकं सुटायची नाहीत, पण काच तिथंच तडकायची. मेस्त्रींनी उलटं करून पाहिलं. टोकांना मऊ डिंक लावला आणि मधे कडक. काच तडकलीही नाही आणि सुटलीही नाही.

मेस्त्रींनी अर्ज केला. दाव्यात लिहिलं: 'बाकदार चौकटीवर डिंकानं चिकटवलेली पातळ काच.'

काही महिन्यांनी परीक्षकाचा अहवाल आला. पेटंटच्या व्यवहारात याला पहिला तपासणी अहवाल म्हणतात. त्यात लिहिलं होतं: 'बाकदार चौकटीवर पातळ काच चिकटवण्याची रीत जुन्या कागदांत आहे. दावा नवीन नाही.'

पुष्कळ माणसं इथं खचतात. अर्ज नाकारला, असं समजतात. तसं नसतं. अहवाल म्हणजे निकाल नव्हे, ती हरकत असते. तिला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. अर्ज करून आणखी तीन महिने वाढवून मागता येतात.

मेस्त्रींनी दावा आखडता घेतला. आता लिहिलं: 'बाकदार चौकटीवर चिकटवलेली पातळ काच, जिच्या टोकांना मऊ आणि मधे कडक डिंक आहे.' बांध आत घेतला. पण आता आतली जमीन खरोखर त्यांची होती.

परीक्षकानं पुन्हा विचारलं, "टोकांना वेगळा डिंक लावणं कोणालाही सुचलं असतं. यात विशेष काय?"

मेस्त्री म्हणाले, "वेगळा डिंक सुचला असता, पण कडक सुचला असता. सगळे तेच करत होते. मी मऊ लावला."

"त्यानं काच टिकते, याला पुरावा?"

मेस्त्रींनी वही काढली. तारीखवार लिहिलं होतं. कडक टोकांच्या किती काचा लावल्या, किती तडकल्या. मऊ टोकांच्या किती लावल्या, किती तडकल्या. किती तास उन्हात ठेवल्या. प्रत्येक नोंदीखाली सही होती.

असा पुरावा पुढं आला, की अर्जदाराच्या बोलण्याला वजन येतं. परीक्षक आपला अहवाल नियंत्रकाकडे देतो. शेवटचा निर्णय नियंत्रकाचा. गरज पडली तर तो अर्जदाराला बोलावून म्हणणं ऐकतो. आता हे ऐकणं पडद्यावरून, घरी बसूनही होतं.

पाहा मंडळी, काच मेस्त्रींच्या हातांनी वाकवली. पण हद्द राखली ती वहीनं.

आधी कागद, मग बाजार

आपल्याकडे नवी वस्तू झाली, की माणूस ती चारचौघांना दाखवतो. जत्रेत मांडतो. कोणी तिची चित्रफीत काढून फोनवरून गावभर पाठवतो. कौतुक होतं. इथंच घात होतो.

अर्ज करण्याआधी वस्तू उघड झाली, तर ती कायद्याच्या नजरेत नवीन राहत नाही. मग स्वतः केलेल्या वस्तूवरही पेटंट मिळणं कठीण होतं. कायद्यात काही मोजक्या सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. आणि दोघांना एकच युक्ती सुचली, तर ज्याचा अर्ज आधी, त्याचा दावा आधी. म्हणून आधी कागद, मग बाजार.

सगळं काम पुरं झालेलं नसलं, तरी तात्पुरतं वर्णन देऊन अर्जाची तारीख पक्की करता येते. त्यानंतर १२ महिन्यांत पुरं वर्णन द्यावं लागतं. नाही दिलं, तर अर्ज जातो.

भारतातलं पेटंट भारतापुरतंच चालतं, हेही लक्षात ठेवावं. दुसऱ्या देशात हक्क हवा असेल, तर तिथं वेगळा अर्ज करावा लागतो.

आणि प्रत्येक गोष्टीला पेटंटच लागतं, असं नाही. काचेचा बाक डोळ्यांना कसा दिसतो, एवढंच राखायचं असेल, तर त्याची डिझाइन म्हणून वेगळी नोंदणी होते. ती आधी १० वर्षं आणि मग फी भरून आणखी ५ वर्षं चालते. कोल्हापुरी चप्पल पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती नवीन नाही, म्हणून तिच्यावर पेटंट नाही. पण ती कुठली, हे सांगणारी भौगोलिक ओळख तिला २०१९ साली मिळाली. ती ओळख एका माणसाची नाही. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांची मिळून आहे.

चुकीचा बांध पडला तर?

परीक्षक माणूसच आहे. जगातला प्रत्येक कागद त्याच्या हाती येईलच, असं नाही. कधी जुनी गोष्ट नवी समजून पेटंट दिलं जातं. मग काय होतं, ते हळदीच्या गोष्टीवरून कळेल.

बोट कापलं, की आपली आई त्यावर हळद दाबते. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळालं. तिथल्या परीक्षकापुढं आपल्या आईचं ज्ञान कागदावर आलेलंच नव्हतं.

त्या वेळी आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ते मूळचे गोव्यातल्या माशेलचे. परिषदेनं १९९६ साली या पेटंटला आव्हान दिलं. 'आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे' असं नुसतं सांगून चाललं नसतं. छापील पुरावा हवा होता. परिषदेनं ३२ लेखी पुरावे गोळा केले. त्यांत जुने ग्रंथ होते. १९५३ साली भारतीय डॉक्टरांच्या एका मासिकात छापलेला लेखही होता. १९९७ साली अमेरिकेच्या कार्यालयानं पेटंटचे दावे नाकारले.

यातून देश एक धडा शिकला. २००१ साली आपल्या जुन्या औषधी ज्ञानाचा मोठा संग्रह तयार करण्याचं काम सुरू झालं. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतली माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी भाषांत उतरवण्यात आली. आता परदेशचा परीक्षक पेटंट देण्याआधी त्यात पाहू शकतो.

बाकदार काचेचंही असंच आहे. समजा एखाद्या कंपनीला 'पडद्यावरची कोणतीही बाकदार काच' एवढा लांबरुंद हक्क चुकून मिळाला. मग पडद्यासाठी काच वाकवणाऱ्या लहान कारखानदाराला आधी तिच्या दारात जावं लागेल. म्हणून कायद्यानं लोकांच्या हातातही काही दिलंय. अर्ज छापून उघड झाल्यावर, पेटंट मिळायच्या आधी, कोणीही लेखी विरोध करू शकतो. त्यासाठी स्वतःचा कारखाना असावा लागत नाही. पेटंट मिळाल्याचं जाहीर झाल्यावरही ज्याचा त्यात हितसंबंध आहे, त्याला एक वर्षाच्या आत विरोध करता येतो. मात्र हातात कागद हवा. जुनं मासिक, जुनं माहितीपत्रक, तारखेचं बिल, असं काही.

परीक्षक कोणाच्या बाजूचा?

आता सांगा, पेटंटचा परीक्षक कोणाच्या बाजूचा? कंपनीच्या, की लोकांच्या?

तो दोघांच्याही बाजूचा आहे. ज्यानं खरोखर नवं काढलं, त्याला त्याची जमीन मिळावी, हे तो बघतो. आणि त्या नावाखाली सगळ्यांची वाट कोणी अडवू नये, हेही बघतो. बांध पुढं गेला तर लोकांचं नुकसान. मागं आला तर शोध लावणाऱ्याचं नुकसान. म्हणून तो एकेका शब्दावर अडून बसतो. ते अडणं कामाचं आहे.

आपल्या भागात हुशार हातांची वाण नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कागलच्या औद्योगिक वसाहतीत, गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत रोज काही ना काही नवं घडतं. नांगराचा फाळ बदलतो. गुऱ्हाळाची चूल सुधारते. यातलं पुष्कळसं बोलण्यात राहतं आणि माणसाबरोबर जातं. ते वहीत उतरलं, तर दोन कामं होतात. नवं असेल, तर आपला दावा मांडता येतो. जुनंच असेल, तर उद्या दुसरा कोणी त्यावर हक्क सांगायला आला, की आपली वही त्याला अडवू शकते.

नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसालाही हे जमण्यासारखं आहे. तारीख घालावी. काय केलं ते लिहावं. काय बिघडलं तेही लिहावं. लहानसं चित्र काढावं. खाली सही करावी.

आता आपसात बोला.

१. घड्याळाची काच आणि फोनची बाकदार काच यांत सारखं काय, वेगळं काय?

२. मेस्त्रींचा पहिला दावा का पडला? दुसऱ्या दाव्यात त्यांनी कोणते शब्द वाढवले?

३. हळदीच्या पेटंटला आव्हान देताना नुसतं तोंडी सांगणं का पुरलं नसतं?

४. तुमच्या घरात, शेतात किंवा दुकानात वडीलधाऱ्यांनी काढलेली एखादी युक्ती आहे का? ती पाच ओळींत लिहून काढा. वर आजची तारीख घाला.